यार्डाची बस

तोट्यातलं सरकारी शिपयार्ड अखेर एका खासगी कंपनीने घेतलं. इब्रामपूरच्या दत्तप्रसाद वेल्डरला शनिवारी शाल-नारळ देऊन घरी पाठवलं, आणि सोमवारी सकाळी सहाला यार्डाची बस नेहमीसारखी दारासमोर येऊन हॉर्न वाजवू लागली.

"यार्ड विकल्यानी काका, पण बस विकूक इसारले," ड्रायव्हर गौरेश म्हणाला. "बंद कर म्हणान माका कोणी सांगूक नाय."

दत्तप्रसादचा पाय आपसूक पायरीवर पडला. त्याच्या बायकोने, देवकीने, खिडकीतून डबा दिला. वाटेत त्याच्यासारखेच घरी पाठवलेले कामगार एकेक करत सगळे चढले, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. वास्कोला फाटक काही उघडलं नाही. मग ते फाटकासमोर बसमध्येच बसले, दुपारी डबे खाल्ले आणि पाचला परतले. मंगळवारीही तेच. घरात बायकोच्या पायात पायात करण्यापेक्षा हे बरं होतं.

बाराव्या दिवशी नव्या कंपनीचा साहेब घामाघूम होऊन बाहेर आला.

"हे धरणं आता पुरे करा! तुमची मागणी काय ती एकदाची सांगा."

धरणं? सगळे एकमेकांकडे बघू लागले. मागणीचा विचार कोणीच केला नव्हता. शेवटी त्यांनी दत्तप्रसादला पुढे ढकललं.

"साहेब, ही बस तेवढी बंद करू नका."

साहेबाला हायसं वाटलं. त्याने तिथल्या तिथे लिहून दिलं.

बसमध्ये एकच जल्लोष झाला. एकोणतीस वर्षांत त्यांच्या युनियनची पुरती मान्य झालेली ही पहिलीच मागणी होती.