दगडाखालची साक्ष

प्रमिलाबाईंनी दगड उलटा केला आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. दगडाच्या पोटाला तीन शेपट्यांचे चपटे किडे चिकटले होते. जिवंत.

बाई धुळ्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. नदीत जीव उरलाय की नाही, एवढं सांगण्यासाठी त्यांना नरडाण्याच्या पुढच्या या गावात पाठवलं होतं. वरच्या अंगाला कागदाचा कारखाना होता आणि त्याचा नाला नदीत सुटायचा. नदी मेली, असं बाईंनी लिहिलं तर नाला बंद होणार होता. जिवंत आहे म्हटलं, तर तक्रार निकालात. बाई पाण्यातले किडे बघायला येणार, एवढा निरोप ग्रामसेवकाने आधीच गावात पोचवला होता.

अर्ज झुलाल आबांचा होता. त्यांच्या म्हशी त्या पाण्यानं गेल्या होत्या, आणि धुणं धुऊन धुऊन त्यांच्या बायकोचे, यशोदाबाईंचे, हात कोपरापर्यंत सोलून निघाले होते. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं गावाला वाटे. पण सरकारी कामाला आरसा लागतोच.

पाण्याला वास होता. बाईंना तो चांगलाच जाणवला. पण नाकाचं ऐकायचं नाही, हे त्या स्वतःच मुलांना शिकवत आल्या होत्या. पाणी आज आहे, उद्या वाहून जातं. किडा तिथंच जन्मतो, तिथंच वाढतो, म्हणून त्याची साक्ष खरी. आणि हा किडा तर घाण पाण्यात टिकतच नाही.

त्यांनी आबांना आणखी जागा दाखवायला सांगितलं. तक्रार करणाराच नेतोय म्हटल्यावर तो वाईटातली वाईट जागाच दाखवणार, असा त्यांचा साधा हिशेब. आबांनी उताराशी नेलं, मग वडाच्या मुळाशी. दोन्हीकडे तेच. किडे जरा मलूल होते, पण ऊनही कडक होतं. बाईंना फार वाईट वाटलं. मनातून त्या या म्हाताऱ्याच्याच बाजूच्या होत्या, पण मनाला येईल ते लिहिणं त्यांना जमणारं नव्हतं.

"किडा सापडी ग्यात का, बाई?" आबांनी विचारलं.

"सापडले, आबा. सगळीकडे."

आबांचा चेहरा उजळला. त्यांनी नदीकडे बघून हात जोडले. एवढं सोसूनही माणूस नदी जगल्याचा आनंद मानतो, हे पाहून बाईंना भरून आलं. निकाल तिथल्या तिथे सांगायचा नसतो, म्हणून त्या पुढे काही बोलल्या नाहीत.

यशोदाबाईंनी त्यांच्यासाठी कळण्याची भाकरी केली होती. सोललेल्या हातांनी आग्रह करकरून वाढली. बाईंनी ती मान खाली घालून खाल्ली.

एसटीत बसताना बाईंचा अहवाल मनात पक्का झाला होता. नदी निरोगी आहे. कारखान्याला दोष देता येत नाही.

गाडी दिसेनाशी होईपर्यंत आबा आणि यशोदाबाई फाट्यावर उभे होते. आबा खुशीत होते. मागच्या साली कपाशी बघायला आलेल्या साहेबाला बोंडअळी दिसली नव्हती, तेव्हा पिकाला काहीच झालेलं नाही असं लिहून तो मोकळा झाला होता. किडा दिसल्याशिवाय सरकार रोग मानत नाही, हे गावानं तेव्हापासून गाठीला बांधलं होतं.

"आते नाला बंद व्हईच," आबा म्हणाले. "बाईले बठ्ठीकडे किडा सापडी ग्यात."

"सापडतीनच," यशोदाबाई म्हणाल्या. "दिन उगाना पहिले डोंगरना झिरावरथून दगडसंगे हंडामा घाली आनात ना आपन. आपली नदीमा तर एक बी जित्ता नही ऱ्हायना."