तापाची नोंद

मेलबर्नच्या लॉकडाऊनमध्ये गिरिजा घरी बसून जुन्या युरोपातल्या आत्महत्यांवर प्रबंध लिहीत होती. चारशे वर्षांपूर्वी जीव देणाऱ्याला चर्च दफनभूमीत जागा नाकारायचं. हे पाप की आजार, यावर धर्मपंडित हमरीतुमरीवर यायचे. एखादा पाद्री मात्र ‘ताप डोक्यात गेला होता’ अशी खोटी नोंद करून मेलेल्याला जागा मिळवून द्यायचा. गिरिजाने प्रबंधात त्याला सरळ लबाड ठरवून टाकलं होतं.

तिची रूममेट उर्वी हिने जीव दिला, त्याच्या चौथ्या दिवशी साताऱ्याहून उर्वीच्या बाबांचा फोन आला.

“बाळ, इथे आम्ही कोविडने गेली असं सांगितलंय. कुणी विचारलं तर तूही तेच सांग.”

“हो, काका.”

मग ते चाचरत म्हणाले, “तिला थोडा तरी ताप होता का गं?”

“होता, काका,” गिरिजा म्हणाली. “तापाने नुसती फणफणली होती.”