सागातली हाक

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. चंद्रपूरच्या एका दवाखान्यातल्या मानसिक रुग्णांच्या वॉर्डात पंधरा वर्षांची मिल्का खिडकीशी उभी होती. अलिबागहून येऊन इथे स्थायिक झालेल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, फॉरेस्टरची ही मुलगी आई वारल्यापासून दोनदा स्वतःच्या जिवावर उठली होती. "रोज शेमाची प्रार्थना म्हण, देव सांभाळेल," असं बजावून वडील गेले होते. शुक्रवारची सांज झाली, तशी मिल्काने आईने शिकवलं होतं तसा उजवा हात डोळ्यांवर ठेवून प्रार्थना सुरू केली. तोच मागच्या सागाच्या रानातून कुणीतरी तिच्यासोबत तेच हिब्रू शब्द म्हणू लागलं. आवाज आईचा होता. प्रार्थना संपल्यावर तो म्हणाला, "मिल्का, ये." हे रोजचंच होतं, पण तिने कुणाला सांगितलं नव्हतं; देवाचं नाव घेताना आलेली हाक खोटी कशी असेल? आज मात्र तिचे पाय आपोआप दाराकडे वळले आणि ती घाबरली. "बायनाबाई, मला धरा," ती वॉर्डातल्या आयाला म्हणाली. "आई बोलावतेय. मला जावंसं वाटतंय." बायनाबाईने हातातली ताटं टाकून तिला कवेत घेतलं. "तुह्या मायची हाक नोहे ते, बेटा. माय लेकराले असं बोलावत नाई. जेवली काय, म्हणून पुसते." मग सागातून, आईच्याच गळ्याने, हळूच आलं, "मिल्का, जेवलीस?" ओठांवर आलेली ओ मिल्काने गिळली; आवाजाने बायनाबाईचेच शब्द उचलले होते. बायनाबाईचा पदर मुठीत घट्ट धरून ती म्हणाली, "डॉक्टरांना बोलवा. आज मला सगळं सांगायचंय."