येतो न म्हणता

श्यामकांतांनी खोलीची किल्ली काउंटरवर ठेवली, हात जोडले आणि एक शब्दही न बोलता बॅग उचलली. काउंटरमागच्या फ्राउ हाउग त्यांच्याकडे बघतच राहिल्या. बाहेर निहार, त्यांचा मुलगा, गाडीची डिकी उघडून उभा होता. विमान दुपारचं होतं.

महिन्यापूर्वी ते जर्मनीत झिंडेलफिंगेनला आले, ते मनात एक प्रश्न घेऊन. माथेरानचं हॉटेल त्यांनी विकलं होतं. सह्या झाल्या होत्या, दिवाळीनंतर ताबा द्यायचा होता. नेरळला एक खोली बघून ठेवली होती, पण जीव तिथे लागणार नव्हता. निहारला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी सांगायचं आणि विचारायचं, मी तुझ्याकडे राहू का? पण विमानतळावरून गाडी घरी न जाता ह्या पेन्शनपाशी थांबली. जर्मनीत घरगुती हॉटेलला पेन्शन म्हणतात. जन्मभर पेन्शन नसलेल्या माणसाला ती अशी मिळाली.

निहारने कारण सांगितलं. घर दोन खोल्यांचं, त्यात तान्हं बाळ, शिवाय त्याची बायको शमिका, तिची आई बाळंतपणाला आलेली. कारण खरं होतं, त्यामुळे रागवायचीही सोय नव्हती. जागाच नाही म्हटल्यावर विचारायचं तरी काय?

त्याच दिवशी त्यांची फजिती झाली. फ्राउ हाउग फोनवर बोलत होत्या आणि मान हलवून "या, या, या" म्हणत होत्या. एवढं अगत्याचं बोलावणं ऐकून श्यामकांत काउंटर ओलांडून थेट आतल्या स्वयंपाकघरात गेले. निहार शरमेने लाल झाला.

"बाबा, इथे या म्हणजे नुसतं हो," तो म्हणाला. "बोलावणं नाही."

हे त्यांना फार लागलं. त्यांचा सगळा जन्म त्या एका शब्दावर गेला होता. माथेरानचं 'फर्न कॉटेज' म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात कुणा साहेबाने उन्हाळ्यापुरता बांधलेला बंगला. श्यामकांतांच्या वडिलांनी त्याचं हॉटेल केलं. पाहुणे लाल मातीने गुडघ्यापर्यंत रंगून यायचे, आणि श्यामकांतांची बायको प्रभा व्हरांड्याच्या पायरीवर उभी राहून "या" म्हणायची. मुक्काम संपवून पाहुणा "येतो" म्हणाला, की तेव्हाही ती "या"च म्हणायची. 'जा' हा शब्द त्या उंबऱ्यावर चालत नसे. माकडांनासुद्धा तो कुणी म्हणत नसे, नुसता दगड उचलत. एखादा पाहुणा "येतो" म्हणायला विसरला, तर प्रभा त्याला घोड्यावरून खाली उतरवून म्हणायला लावायची. न म्हणता गेला तो गेलाच, असं ती मानायची. दोन वर्षांपूर्वी ती स्वतः मात्र न म्हणता गेली.

एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. ही म्हण श्यामकांत गिऱ्हाइकांना हसत हसत ऐकवायचे. इथे ते तीस दिवस राहिले. सकाळी पाच टेबलांच्या खोलीत एकटेच नाश्ता करायचे. बाकीचे सगळे सातलाच कामावर गेलेले असायचे. सवयीने कपांचे कान एका बाजूला वळवून ठेवायचे. चौथ्या दिवसापासून सगळ्या कपांचे कान आधीच तसे वळवलेले दिसू लागले. फ्राउ हाउग त्यावर काही बोलल्या नाहीत. बोलणार तरी कुठल्या भाषेत? मग ते कोट घालून बाहेर पडायचे आणि दाराशी सवयीने "येतो" म्हणायचे. चौकातल्या बाकावर बसायचे, येणारीजाणारी माणसं बघायचे, बाराच्या सुमाराला परतायचे. संध्याकाळी निहार अर्ध्या तासासाठी घरी न्यायचा. बाळाला मांडीवर घेतलं की ते झोपून जायचं. निहारही सोफ्यावर बसल्या बसल्या झोपायचा. दमलेल्या मुलाला उठवून काय विचारायचं? महिना असाच गेला.

आज "येतो" म्हणायचं त्यांनी जाणूनबुजून टाळलं होतं. परत यायचं नाही हे ठरलं होतं, आणि उंबऱ्यावर खोटं बोलायची त्यांच्या घरची रीत नव्हती.

ते गाडीपाशी पोहोचले तोच मागून हाक आली. फ्राउ हाउग एप्रनवरच रस्त्यात आल्या होत्या.

"हेर श्यामकांत! येटो?"

मग त्या निहारला जर्मनमध्ये बरंच काही सांगत राहिल्या. निहार ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलला.

"आल्झो... म्हणजे, बाबा, त्या म्हणतायत की रोज निघताना तुम्ही एक शब्द म्हणायचात," तो हळूच म्हणाला. "तो म्हटलात की परत यायचात. आज म्हणाला नाहीत."

निहार त्या व्हरांड्याच्या पायऱ्यांवर वाढला होता. न म्हणता निघालेला माणूस म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. बाबांनी तो शब्द सोडला, म्हणजे तो उंबराच हातचा सुटला असणार. त्याने वडिलांच्या हातातली बॅग घेतली. पण ती डिकीत ठेवली नाही, हातातच धरून उभा राहिला.

"बाबा, हॉटेल विकलंत का?"

श्यामकांतांनी होकारार्थी मान हलवली. फ्राउ हाउग अजून वाट बघत होत्या.

"येतो," ते त्यांना म्हणाले.

"या," फ्राउ हाउग म्हणाल्या.

"या, बाबा," निहार म्हणाला. तो मराठीत म्हणाला.