माळवदावरची भुतं

“लोक माळवदावर पापड वाळवतेत, आमचं माणूस भुतं वाळवायलंय,” सुभद्राबाई पुटपुटल्या.

गुंडेरावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हैदराबादच्या रद्दीतून हौसेनं जमवलेली भुताखेतांची कॉमिकं त्यांनी कसर लागू नये म्हणून उन्हात मांडली होती.

त्यातल्या एका मुखपृष्ठावर विहिरीकाठी पाठमोरी बाई रंगवलेली होती. लेक बाळंतीण झाली, तेव्हापासून त्या बाईचा आधी कान दिसू लागला, मग गाल. घरात सगळ्यांनी पाहिलं होतं, बोललं कुणीच नव्हतं.

आज डोळा दिसत होता, थेट सावलीत निजलेल्या बाळावर रोखलेला. लेकीनं बाळ उचललं आणि जिन्यापाशी नेलं. गुंडेरावांनी ते कॉमिक हातात घेतलं, तसा चित्रातला डोळा तिकडं वळला.

“अवो,” सुभद्राबाई कशाबशा म्हणाल्या, “तिला आपलं लेकरू पायजे.”