जटेला पेटी पुरत नाही

हिशेबखात्यातून संग्रहालयाच्या कोठारात बदली झाली, तेव्हा तिने नाक मुरडलं होतं. पण तिथली ती जट पाहिली, जटा पवित्र मानणाऱ्या जमैकातल्या कुणा रास्ताफारी पंथाच्या माणसाची, तुरुंगात बळजबरीने कापलेली, आणि बाई मानववंशशास्त्राने पार झपाटून गेली. नवरा म्हणायचा, "मीही जटा वाढवतो, मग तरी बघशील माझ्याकडे!"

आज ती साहेबांकडे गेली. "साहेब, जटेला मोठी पेटी हवी. आता मावत नाही."

कापलेले केस कुठे वाढतात का, म्हणून ते हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत. तिच्या नीटस बॉबकटकडे बघत त्यांनी हलकेच विचारलं, "तुम्ही केस शेवटचे कधी कापले होते?"

तिने आठवून पाहिलं. बदलीला दोन वर्षं होत आली. तेव्हापासून पार्लरची पायरी चढायची वेळच आली नव्हती; केस होते तेवढेच होते.