दुमडलेली बाही

येलहंक्याच्या एका वर्कशॉपमध्ये महानंदा ड्रिल मशीनवर लोखंडी पट्ट्यांना भोकं पाडायची. त्या दुपारी कामाची घाई होती. साडीवर घातलेल्या शर्टाच्या लांब बाह्या तिने तशाच लोंबत ठेवल्या होत्या.

पट्टीवरचा कीस झटकायला तिने फडकं पुढे केलं, तसं फिरत्या ड्रिलने ते हातातून हिसकावून गरगर गुंडाळून घेतलं.

तिने घाबरून मशीन बंद केलं आणि हाताकडे पाहिलं. उजवी बाही कोपरापर्यंत घट्ट, नीट दुमडलेली होती. लोंबत असती तर फडक्याबरोबर हातही गेला असता.

तेवढ्यात सोबतची गंगव्वा आत आली.

"अक्का, माझी बाही तुम्ही दुमडलीत?"

"मी स्वल्प चहाला गेले होते की गं. आत तू एकटीच होतीस."

महानंदाचे डोळे भरून आले. मशीनशेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून तिने हात जोडले. "कोण आहात ठाऊक नाही. पण माझा हात वाचवलात. फार उपकार झाले."

डावी बाही अजून लोंबतच होती. तिने तो हात हळूच पुढे केला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग मनगटापाशी कुणीतरी कापड अलगद चिमटीत धरलं.